डोस देऊनही शेळ्यांना पुन्हा पुन्हा जंत होत असतील तर आधी दिवस मोजा

जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबते आहे. संध्याकाळी चरून आल्यावर ती मोठी दिसते, रात्रभरात थोडी उतरते. खालची पापणी उलटून बघावी तर आत पांढरीफटक. आणि जंताचा डोस देऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. आमच्या आटपाडी तालुक्यात, शेजारच्या जत-कवठेमहांकाळात, पलीकडे माण-खटावात, शेळ्या-मेंढ्या असलेल्या कुठल्याही घरी ही तक्रार ऐकायला मिळते. औषधात दम राहिला नाही असं म्हणत माणूस दुकानात जातो, दुसऱ्या रंगाची बाटली आणतो, चार दिवस जनावर खातं-पितं, आणि मग परत तीच पिशवी.

आमच्या वाड्यावर तीन वर्षं हेच चाललं होतं. २२ शेळ्या, ९ मेंढ्या, दर दोन महिन्यांनी सगळ्यांना डोस, कॅलेंडरवर खूण. तरी दर पावसाळ्यात दोन-तीन करडं जायची आणि एखादी चांगली दुधाची शेळी खंगत जायची. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात दुसऱ्या वेताची एक शेळी रात्रीतून मेली. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी ती वाड्यामागे उघडली आणि मला जवळ बोलावलं.

शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. चौथा कप्पा आपल्या जठरासारखा, आंबट रस पाझरणारा. तो त्यांनी कात्रीने उभा चिरला. आतल्या पाण्यात, फिकट अस्तरावर, दोरा उसवून टाकावा तसे बारीक जंत शेकड्यांनी वळवळत होते. त्यांनी एक चिमट्यात धरून माझ्या तळहातावर ठेवला. दोन-अडीच सेंटिमीटर लांब, आणि लाल-पांढऱ्या दोऱ्याला पीळ घातल्यासारखा. लाल म्हणजे रक्ताने भरलेलं त्याचं आतडं, आणि त्याभोवती गुंडाळलेली पांढरी म्हणजे अंडाशयाची नळी. ही मादी. नाव हिमोंकस. अस्तरावर सगळीकडे टाचणीने टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके होते.

"शेवटचा डोस कधी दिला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ दिवस झाले."

"मग हे नवे नव्हेत, ताई. अळी पोटात गेल्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला तीन आठवडे लागतात. या तुमच्या डोसमधून वाचलेल्या आहेत."

तोवर मी सगळ्यांना सांगत होते की आमच्या शेळ्यांना पुन्हा जंत झाले. ते पुन्हा झालेच नव्हते, कारण ते गेलेच नव्हते. त्या दिवसापासून मी डोसनंतरचे दिवस मोजायला लागले, आणि पुढचं सगळं त्या मोजण्यातूनच कळत गेलं. तुमच्याकडेही हीच अडचण असेल तर नवी बाटली आणायच्या आधी हे वाचा.

एक गोष्ट पक्की धरून चला

या जंतांची पैदास पोटात होत नाही. मादी पोटात अंडी घालते, पण ती अंडी लेंडीतून बाहेर पडतात. बाहेर ओल आणि ऊब मिळाली की त्यांतून अळी निघते, लेंडीतले जिवाणू खाऊन दोनदा कात टाकते आणि साधारण आठवडाभरात तिसऱ्या अवस्थेला येते. ही तिसऱ्या अवस्थेची अळी गवताच्या पात्यावर दवाच्या थेंबातून चढते आणि शेळीच्या तोंडाची वाट बघते. म्हणजे शेळीच्या पोटात हजार जंत असतील तर हजार वेळा एकेक अळी तोंडातून आत गेली आहे. करडाच्या पोटात जंत आपोआप वाढतात असं जे आपण म्हणतो ते या जंतांना लागू नाही.

आता हिशोब करा. एक हिमोंकस दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो किंवा वाया घालवतो. हजार जंत म्हणजे दिवसाला ५० मिली, महिन्याला दीड लिटर. २५ किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. ती भरून काढत राहते म्हणून उभी असते. रक्तातली प्रथिनं कमी पडली की पाणी नसांतून बाहेर झिरपतं आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साठतं. तीच ती पिशवी.

आणि एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पाचशे माद्या धरल्या तर एका शेळीच्या लेंड्यांतून दिवसाला २५ लाख अंडी रानात पडतात.

म्हणून डोस दिल्यानंतरही जंत तीन ठिकाणी टिकून असू शकतो. डोस पचवून पोटातच. पोटाच्या अस्तरात झोपलेला. नाहीतर बाहेर गवतावर. या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि कुठला आहे हे दिवस सांगतात.

दिवस कसे मोजायचे

डोस द्यायच्या दिवशी दहा जनावरांच्या लेंड्या तपासायला द्या आणि १४ दिवसांनी त्याच दहा जनावरांच्या पुन्हा द्या. तपासणीत एका ग्रॅममध्ये किती अंडी हे मोजतात. चौदाव्या दिवशी अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर तुमचा डोस चालत नाही: एकतर तो पुरेसा गेला नाही, नाहीतर जंत त्याला बधत नाहीत. आठवड्याच्या आत तपासू नका. काही औषधांनी मादी मरत नाही, फक्त काही दिवस अंडी घालायची थांबते, आणि तेवढ्याने औषध लागू पडल्यासारखं वाटतं.

चौदाव्या दिवशी लेंडी साफ, पण पाचव्या-सहाव्या आठवड्यात पुन्हा अंडी दिसायला लागली, तर औषधाने काम केलं आहे. हे जंत रानातून आले.

लेंडी साफ होती, शेळी रानात गेलीच नाही, वाळला चारा खाऊन दावणीला आहे, आणि व्यायच्या सुमाराला अंडी एकदम वाढली, तर ते झोपलेले जंत जागे झाले.

आणि लेंडीत अंडी नाहीतच म्हणून सांगतात, तरी पापणी पांढरी आणि जबड्याखाली पाणी, तर चुकीच्या जंतासाठी तपासणी झाली असण्याची शक्यता मोठी. त्याबद्दल खाली सांगते.

डोस चालत नसेल तर

सगळ्यात आधी बाटली उन्हात धरून बघा. मी बघितली तेव्हा तळाशी पांढऱ्या खडूसारखा दीड बोट थर बसला होता. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांसारखी औषधं पाण्यात विरघळत नाहीत, नुसती तरंगत असतात. न हलवता ओतलं की पहिल्या दहा शेळ्यांना पाणी मिळतं आणि शेवटच्या चारांना सगळं औषध. आमच्याकडे पाजायचं काम दीर करायचे आणि शेळ्या नेहमी एकाच क्रमाने यायच्या, पुढारी शेळ्या आधी. मेलेली शेळी त्याच पुढच्या शेळ्यांतली होती. आता दर पाच जनावरांनी बाटली जोरात हलवायची आणि पुढे जायचं.

दुसरं वजन. अंदाजाने आपण नेहमी कमी सांगतो. ताणकाट्याला झोळी लावून एकदा सगळ्या शेळ्या मोजल्या तर ज्यांना मी २५ किलोच्या समजत होते त्यांतल्या सहा शेळ्या ३२ किलोच्या पुढे निघाल्या. कमी डोस म्हणजे अर्धा उपाय नव्हे. त्यात दुबळे जंत मरतात आणि दणकट तेवढे वाचतात.

तिसरं, शेळी म्हणजे मेंढी नव्हे. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण बहुतेक वेळा मेंढीचं असतं. शेळीचं यकृत ही औषधं लवकर मोडून टाकतं, त्यामुळे अनेक औषधांत शेळीला मेंढीच्या दीड ते दुप्पट मात्रा लागते. पण हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, कारण सगळ्या औषधांना ते चालत नाही. लेव्हामिसोल दुप्पट गेलं तर जनावर दगावू शकतं, क्लोझँटेल जास्त झालं तर डोळे जातात, आणि गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल दिलं तर करडात व्यंग येऊ शकतं.

पाजतानाही एक चूक होते. सिरींज ओठांत धरून पचकन मारलं की शेळी गिळते खरी, पण औषध कधी कधी कोठीपोटाला, म्हणजे पहिल्या मोठ्या कप्प्याला, वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं आणि भराभर निघून जातं. कोठीपोटात गेलेलं औषध हळूहळू पाझरतं आणि जास्त वेळ काम करतं. म्हणून तोंडाच्या कोपऱ्यातून, जिभेच्या मुळाशी, सावकाश. डोके फार वर उचलू नका, ठसका लागतो.

हे सगळं नीट करूनही अंडी घटली नाहीत तर जंत औषधाला सरावले आहेत. आमच्याकडे तेच निघालं. माझी पुतणी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिने बसून मोजलं. अल्बेंडाझोल देण्याआधी दहा शेळ्यांची सरासरी १८०० अंडी, चौदाव्या दिवशी ११००. "काकी, हे औषध तुम्ही आता नुसतं विकत घेताय," ती म्हणाली. मग डॉक्टरांना विचारून पुढच्या वेळी लेव्हामिसोल दिलं, वजन करून. १४०० वरून ५०.

सरावणं म्हणजे जंत हुशार झाला असं नाही. अल्बेंडाझोलच्या घराण्याची औषधं जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या एका प्रथिनाला चिकटतात आणि पेशीचा सांगाडा मोडतात. हजारो-लाखो जंतांत काही जंतांचं हे प्रथिन जन्मतःच किंचित वेगळं असतं, औषध त्याला चिकटत नाही. डोस दिला की बाकीचे मरतात आणि अंडी घालायला हेच उरतात. याला फार वर्षं लागत नाहीत. या घराण्यातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, १९६१ साली आलं आणि १९६४ सालीच त्याला न जुमानणारा हिमोंकस सापडला. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं, त्याच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, पण मेंढ्यांतले जंत त्यालाही त्याच दशकात सरावले. नुसता बाटलीचा रंग बदलून उपयोग नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घराण्यातली आहेत, जो जंत एकाला बधत नाही तो दुसऱ्यालाही बधत नाही. लेबलवर आतल्या औषधाचं नाव वाचा, कंपनीचं नको.

सरसकट डोस हीच चूक

हे मला सगळ्यात उशिरा पटलं, आणि घरात पटवायला त्याहून वेळ लागला. आमचे मामंजी म्हणायचे, एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही तर काय फायदा? पण जंत कळपात सारखे वाटलेले नसतात. साधारण २० ते ३० टक्के जनावरांच्या पोटात कळपातले ८० टक्के जंत असतात. बाकीची जनावरं थोडे जंत बाळगून धडधाकट असतात. त्या धडधाकट जनावरांना डोस दिला की त्यांच्या पोटातले साधे, औषधाला मरणारे जंत संपतात आणि रानात फक्त सरावलेल्यांची अंडी पडतात. नाही दिला तर साध्या जंतांची अंडीही पडत राहतात, सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहतो आणि औषध जास्त वर्षं चालतं.

कोणाला द्यायचं हे पापणी सांगते. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान या पशुवैद्यांनी पापणीच्या रंगाचा पाच खणांचा तक्ता तयार केला, त्यांच्याच नावावरून त्याला फमाचा म्हणतात. १ म्हणजे लालबुंद, ५ म्हणजे पांढरा कागद. चार आणि पाचला डोस, तीनला करडं, गाभण आणि नुकत्या व्यालेल्या असतील तरच. पापणी बघताना अंगठ्याने वरची पापणी हलकी दाबा, म्हणजे डोळा आत जातो आणि खालची पापणी आपोआप बाहेर डोकावते. सावलीत बघू नका, उन्हात बघा. दोन सेकंदांत रंग वाचा, कारण पापणी जास्त वेळ उलटी धरली की ती लाल होते आणि फसवते. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी बघते. तक्ता नसेल तर तुमच्या कळपातली सगळ्यात तकतकीत शेळी आधी बघा आणि तिच्याशी बाकीच्यांची तुलना करा.

आमच्याकडे पाच शेळ्या अशा निघाल्या ज्यांची पापणी दरवेळी चार. त्यांना सारखा डोस लागायचा. त्या विकल्या, आणि त्यांच्या पाटी, म्हणजे मादी करडंही, ठेवल्या नाहीत. जंत सोसायची ताकद काही प्रमाणात वंशातून येते.

अंग त्यांना बाहेर का टाकत नाही

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. काटा रुतला तर पू होऊन बाहेर येतो, मग दोन सेंटिमीटरचा जिवंत प्राणी पोटात महिनोन् महिने कसा राहतो?

अंग ओळखतं, पण जंतही त्याच अंगाला सरावत आला आहे. हिमोंकस रक्त खाताना अशी द्रव्यं सोडतो की रक्त गोठत नाही आणि जखमेपाशी येणारी अंगाची संरक्षक यंत्रणा बोथट होते. मेंढी मोठी होईतो त्याला थोडंफार आवरायला शिकते. शेळीला ते तितकं जमत नाही, कारण शेळी मुळात झुडपांची पानं खाणारी, जमिनीलगतच्या गवतातल्या अळ्यांशी तिचा पिढ्यान् पिढ्या तेवढा संबंध आलाच नाही. आपण तिला बांधावर चरायला सोडलं. सहा महिन्यांखालच्या करडांत तर प्रतिकार जवळजवळ नसतोच.

कधी कधी मेंढीचं अंग एका झटक्यात सगळे जंत झाडूनही टाकतं. पाऊस पडला, एकदम पुष्कळ नव्या अळ्या पोटात गेल्या, की पोटाचं अस्तर खवळतं आणि जुने मोठे जंत बाहेर पडतात. नॉर्मन स्टोल यांनी १९२९ साली हे लिहून ठेवलं. हे इथे मुद्दाम सांगते, कारण आपण नेमके पहिल्या पावसानंतर डोस देतो. अंडी घटली की श्रेय औषधाला, आणि तेच औषध पुढे वर्षभर वापरत राहतो. औषध पारखायचं तर पाच-सहा जनावरं डोस न देता बाजूला ठेवा आणि त्यांच्याही लेंड्या मोजा.

झोपलेले जंत

यातली मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट हीच. पोटात शिरलेली अळी अस्तराच्या ग्रंथीत घुसते, तिथे कात टाकून चौथ्या अवस्थेला येते, आणि बाहेर दिवस वाईट असतील तर तिथेच थांबते. थंडी किंवा कोरडा उन्हाळा असताना घातलेली अंडी रानात वाळून मरणार. गवतावर असताना जे थंडी-कोरड सोसलं त्याचीच खूण अळीला पुरते असं दिसतं. ती वाढ थांबवते, रक्त जवळजवळ खात नाही, अंडी घालत नाही. महिनोन् महिने. लेंडी तपासली तर साफ, पापणी लाल. पावसाच्या तोंडावर ती जागी होते.

जागं व्हायला दुसरंही एक निमित्त असतं, बाळंतपण. व्यायच्या साधारण दोन आठवडे आधीपासून पुढचे सहा-आठ आठवडे आईचा प्रतिकार ढिला पडतो. सगळी ताकद दुधाकडे जाते. अस्तरातल्या अळ्या त्याच वेळी उठतात, अंडी भरमसाट पडतात, आणि बरोबर त्याच गवतावर पंधरा दिवसांनी नवीन करडं तोंड लावायला लागतात. जंताच्या दृष्टीने याहून चांगली वेळ नाही.

झोपलेल्या अळीवर सगळी औषधं सारखी चालत नाहीत. लेव्हामिसोल मोठ्या जंतांवर चांगलं, झोपलेल्यांवर कमी पडतं. म्हणून व्यायच्या सुमाराचा डोस वेगळा समजा आणि कुठलं औषध हे डॉक्टरांना याच शब्दांत विचारा: अस्तरातल्या अळीवर चालेल का? शिवाय शेवटच्या दीड महिन्यात गाभण शेळीला पेंड वाढवा. शेंगदाण्याची पेंड, शेवरी, सुबाभूळ, जे असेल ते. प्रथिनं मिळाली की प्रतिकार तेवढा ढिला पडत नाही. आमच्याकडे नुसत्या कडब्यावर व्यालेल्या आणि पेंडीवर व्यालेल्या शेळ्यांच्या पापण्यांत फरक उघड दिसतो.

रान, आणि टेंभूचं पाणी

आटपाडी, जत, माण हा पावसाच्या सावलीतला भाग. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत संपतो, आमचा भरवसा परतीच्या पावसावर. मामंजींच्या काळात मेंढरं पावसाळ्यापुरती घरी आणि मग कोकणच्या नाहीतर घाटाच्या वाटेला. चार-सहा महिने रान मोकळं राहायचं, उन्हाळ्यात करपून निघायचं. तिसऱ्या अवस्थेची अळी काही खाऊ शकत नाही, तिच्या अंगावर जुन्या कातीचं बंद आवरण असतं. साठवलेल्या चरबीवरच ती जगते, उष्णतेत ती चरबी लवकर जळते, आणि अळी मरते. वैशाख हा आपला फुकटचा डोस होता.

आता कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढून आमच्या ओढ्यांत येतं. डाळिंबं उभी राहिली, ऊस आला, बारमाही हिरवा बांध आला. या पाण्याने घरं उभी केली आहेत आणि त्यासाठी माणसं किती वर्षं भांडली ते मी बघितलं आहे. पण शेळ्यांचा हिशोब बदलला. वैशाखातही चाऱ्याला ओल आहे आणि शेळ्या रोज त्याच पाटाच्या कडेला चरतात. अळी वर्षभर मिळते.

म्हणून: दव असताना सोडू नका, अळी तेव्हा पात्याच्या वर असते. गवत चार बोटांच्या खाली कुरतडेपर्यंत एका जागी ठेवू नका, बहुतेक अळ्या तळाच्या पाच सेंटिमीटरमध्ये असतात. बाभळ, बोर, शेवरीचा पाला उंचावर टांगून द्या. करडांना सगळ्यात स्वच्छ तुकडा द्या, मोठ्यांच्या मागून नको. ज्वारी-बाजरी काढल्यानंतरचं रान, जिथे काही महिने शेळी फिरली नाही, ते उत्तम. आमच्या गव्हाणी आम्ही जमिनीपासून दीड फूट उचलल्या आणि गळका नळ बदलला. त्या नळाखाली कायम हिरवळ असायची आणि करडं तिथेच तोंड घालायची.

अंडी दिसत नाहीत तरी शेळी पांढरी

पाटाच्या कडेला बारीक गोगलगायी दिसतात का? मग यकृतकृमी, ज्याला डॉक्टर लिव्हरफ्लूक म्हणतात, त्याचा संशय घ्या. पानासारखा चपटा. त्याची अळी गोगलगायीत वाढते, बाहेर पडून ओल्या गवतावर कवच करून बसते, आणि शेळीने खाल्ली की आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरते. कित्येक आठवडे यकृत पोखरत फिरते आणि शेवटी पित्तनलिकेत जाऊन राहते, वर्षानुवर्षं. ती जागा त्याने चांगली निवडली आहे, रक्तातले पहारेकरी तिथे सहज पोचत नाहीत. वाटेत ते गाठतात तेव्हा तो अंगावरचा वरचा थर सोडून देतो, चिकटलेली प्रतिपिंडं (अंगाने सोडलेली संरक्षक प्रथिनं) त्याच्याबरोबर गळून जातात, आणि उरलेली तो आपल्या पाचक रसांनी तोडतो.

याची अंडी जड असतात. लेंडी दाट मिठाच्या पाण्यात कालवून वर तरंगणारी अंडी बघायची ही नेहमीची तपासणी, त्यात ती तळाशीच राहतात आणि अहवाल साफ येतो. तळातला गाळ बघा असं स्पष्ट सांगा. शिवाय आपल्याकडचा यकृतकृमी अंडी घालायला तीन-चार महिने घेतो, तोवर गाळातही काही दिसत नाही. आयव्हरमेक्टिन त्याला काहीच करत नाही. ऑक्सिक्लोझॅनाइड मोठ्यांना मारतं, यकृत पोखरत असलेल्या पिल्लांना नाही, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं. पिल्लांवर चालणारं वेगळं औषध आहे, डॉक्टरांना विचारा. आणि पाटाच्या त्या कडेला काटेरी कुंपण घाला.

लेंडीत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरून पळत येतात. ते पट्टकृमीचे तुकडे. दिसायला किळसवाणे, पण मोठ्या शेळीला त्यांचा त्रास क्वचितच होतो. मारणारे जंत लेंडीत डोळ्यांना दिसत नाहीत.

संकरित गाई असलेल्यांसाठी एवढंच: गोचीडताप किंवा सर्रा पुन्हा पुन्हा येत असेल तर वरचा हिशोब तिथे लावू नका. हे ताप आणणारे परजीवी एकपेशीय आहेत आणि अंगातच वाढतात. गोचीडतापाचा परजीवी पांढऱ्या पेशीत शिरून त्या पेशीलाच दुभागत ठेवतो आणि तिच्याबरोबर स्वतःही दुभागतो. बुपारव्हाकोन या औषधाने गाय उठते, पण थोडे परजीवी उरतात आणि तिच्या अंगावरची गोचीड ते दुसऱ्या गाईला नेते. सर्राचा परजीवी अंगावरच्या प्रथिनाचा मुलामा बदलत राहतो, अंग एक ओळखेपर्यंत दुसरा चढलेला, म्हणून ताप चढतो-उतरतो. पहिल्यात गोचीड आणि दुसऱ्यात चावणाऱ्या माश्या आवरल्याशिवाय सुटका नाही.

नवीन शेळी आणली तर

बाजारातून आलेली शेळी दुसऱ्याच्या रानातले सरावलेले जंत घेऊन येते. तीन आठवडे वेगळी बांधा. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वेगळ्या घराण्यांची औषधं द्या, दोन दिवस कोरड्या जागेवर ठेवा आणि त्या दोन दिवसांच्या लेंड्या झाडून उकिरड्याच्या मधोमध पुरा, तिथल्या उष्णतेत अंडी मरतात. चौदाव्या दिवशी तपासणी, मग कळपात.

लेंड्या तपासायला नेताना जमिनीवरच्या उचलू नका. बोटाला पिशवी घालून थेट शेळीच्या गुदद्वारातून दहा-बारा काढा, डबी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा म्हणजे आत हवा राहत नाही. डबीवर शेळीचं नाव आणि डोसची तारीख. त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. उन्हात गाडीवर ठेवलेल्या डबीत दुसऱ्या दिवशी अंडी फुटून अळ्या होतात आणि मोजणी कमी येते. न्यायला उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.